कल्याणपुढील चार स्टेशने

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कल्याण सोडते तेव्हा बहुतेक उतारूंचे मन घाटात जाऊन पोहोचलेले असते. कर्जतचा वडा, पळसदरीचे वळण, खंडाळ्याचे धुके, ह्यांची वाट पाहण्याच्या भरात विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही चार स्टेशने खिडकीबाहेरून निघून जातात, आणि त्यांच्यासाठी कोणी मान वर करीत नाही. हा लोहमार्ग १८५६ साली घाटाच्या पायथ्यापर्यंत येऊन थांबला होता. बोरघाट फोडून गाडी वर चढावयास १८६३ साल उजाडले. मधल्या काळात लोक खाली उतरून पालखीतून किंवा तट्टावर बसून घाट चढत. तेव्हापासून ह्या पट्ट्याच्या कपाळी 'वाटेवरचा मुलूख' असणेच आले. वाचक विचारतील की, अशा ठिकाणाविषयी लिहिण्यासारखे ते काय? त्यांस आमचे उत्तर एवढेच की, आमच्या तीर्थरूपांचे सारे आयुष्य ह्या नऊ-दहा मैलांत गेले, आणि त्यांनी ह्या नऊ-दहा मैलांविषयी जितक्या थापा मारल्या तितक्या कोणी काशी-रामेश्वराविषयीही मारल्या नसतील.

'थापा' हा शब्द वडिलांच्या संबंधाने लिहिताना लेखणी अडखळते. परंतु दुसरा शब्द नाही. घरात त्यांस सर्वजण अण्णा म्हणत. जन्म १९३६ चा, अंबरनाथचा. आमचे आजोबा तेथील काड्यापेटीच्या कारखान्यात हिशेबनीस होते. अण्णांनी पुढे मुंबईस एका कचेरीत अडतीस वर्षे कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर बदलापुरास तीन खोल्यांचे घर घेतले. कारकुनीत त्यांच्या हातून एका आण्याची चूक झाली नाही. पण संध्याकाळी ओट्यावर बसले की गणित सुटे. बदलापूर हे नाव तेथे घोडे बदलीत असत म्हणून पडले, असे लोक सांगतात. अण्णा एवढ्यावर थांबत नसत. बदललेल्या घोड्यांची यादी आमच्या पणजोबांपाशी होती, आणि तीतील एक पंचकल्याणी घोडा सुरतेहून अद्याप परत यावयाचा आहे, असे ते गंभीरपणे सांगत आणि रस्त्याकडे नजर टाकीत. सकाळच्या गाडीत आपण अंबरनाथपासून दादरपर्यंत दोन्ही पाय अधांतरी ठेवून उभ्यानेच झोप काढतो, असेही सांगत; मात्र ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला आहे ते ह्या गोष्टीस थाप म्हणणार नाहीत. वालधुनीचे पाणी सोमवारी निळे आणि गुरुवारी तांबडे असते, हे त्यांचे विधानही आम्ही थापेतच जमा केले होते. पुढे कळले की काठावर कपडे रंगविण्याचे व धुण्याचे कारखाने होते, आणि जो रंग त्या दिवशी कढईत असे तोच नदीत उतरे.

परंतु अण्णांची खरी राजेश्री गोष्ट अंबरनाथच्या शिवालयाची. ते देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, पहाटेचा कोंबडा आरवला, आणि शिखर अपुरे टाकून पांडव निघून गेले, ही कथा तिकडच्या पोरासोरांस ठाऊक आहे. अण्णांची पुरवणी अशी की, तो कोंबडा आपल्या घराण्यातला! ह्यावर आमची आजी आतून विचारी, "ब्राह्मणाच्या घरी कोंबडा कोठून आला?" अण्णा तयारच असत: "कोंबडा शेजारच्या आगऱ्याचा. पण आता आरव, असे त्यास सांगणारे आपले मूळपुरुष. त्यांस पहाटे संध्येस नदीवर जावयाचे होते, आणि भीमाने वाटेत दगड टाकून ठेवले होते." ही प्रश्नोत्तरे वर्षानुवर्षे त्याच शब्दांत होत, आजीने विचारावयाचे आणि अण्णांनी सांगावयाचे. लहानपणी आम्ही भीमाच्या दगडांपाशी हटकून हसत असू.

मग आम्ही शिकलो. इतिहास घेऊन बी. ए. झालो, आणि १९८६ साली धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करावयास मंडळी घरी आली असता अण्णांनी कोंबडा काढला. समोर व्याही म्हणून येणारे गृहस्थ वकील, त्यांचे बंधू प्राध्यापक. आमच्या कानशिलांवर घाम आला. आम्ही मध्येच म्हणालो की, हे देऊळ शिलाहार राजांचे. चित्तराजाच्या काळी आरंभ झाला व त्याचा भाऊ मुम्मुणि ह्याने ते पुरे केले. देवळातच शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे. पांडवांचा येथे काही संबंध नाही. बोलणे अगदी बरोबर होते. प्राध्यापकांनी मान डोलावली. अण्णा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, "असेल," म्हणाले, आणि चहा आला का ते पाहण्यास आत गेले. सोयरीक जमली, लग्न थाटात झाले. पण त्या दिवसानंतर अण्णांनी आमच्या देखत एकही गोष्ट सांगितली नाही. शेजाऱ्यांस सांगत, नातवंडांस सांगत; आम्ही ओट्यावर आलो की पेन्शनीचे, पावसाचे, विजेच्या बिलाचे बोलत. ह्या गोष्टीस तेहतीस वर्षे झाली.

जर्मनीत मंचहौसेन नावाचा एक उमराव अठराव्या शतकात खरोखरच होऊन गेला. जेवणानंतर पाहुण्यांस शिकारीच्या व लढाईच्या अचाट गोष्टी सांगण्यात त्याचा हातखंडा होता. १७८५ साली रास्पे नावाच्या एका विद्वानाने तसल्या गोष्टींस त्याचे नाव देऊन त्या इंग्रजीत छापल्या. त्या घरोघर वाचल्या गेल्या, आणि ह्या उमरावाचे नाव लबाडाचे नाव होऊन बसले. त्यास त्याचा अतोनात संताप आला, असे सांगतात. भोजनगृहात ज्यास कोणी खोटे म्हटले नव्हते तो कागदावर आल्याबरोबर खोटा ठरला. आम्ही अण्णांचे रास्पेच झालो. फरक इतकाच की, आम्ही छापले नाही, छापलेले आणून त्यांच्या ओट्यावर टाकले.

२०१९ च्या जून महिन्यात डॉक्टरांनी आम्हांस बाजूस नेऊन सांगितले की, आता औषधाने दिवस वाढावयाचे नाहीत, फार तर सुसह्य होतील. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही ठाण्याहून बदलापुरास जाऊ लागलो. अण्णा खिडकीपाशी पडलेले असत. "औषध घेतले. दोन घास जेवलो. तुझ्या गाडीला गर्दी होती का?" एवढ्यावर बोलणे संपे. मग पंख्याचा आवाज. आम्ही मुद्दाम घोड्याचा विषय काढून पाहिला. "ती गंमत होती रे," म्हणून त्यांनी डोळे मिटले. इतके खरे ते आमच्याशी बोलू लागले होते की, आम्हांस भीती वाटावयास लागली.

२७ जुलैचा शनिवार उजाडला तो मुसळधार पावसात. गाड्या बंद. आम्ही घरीच अडकलो असता दूरध्वनी वाजला. पलीकडे अण्णा, आवाज क्षीण, पण तरतरीत. "अरे, कोल्हापूरची गाडी रात्रीपासून नदीत उभी आहे. चाके दिसत नाहीत. लोकांना उतरवून घ्यायला नावा निघाल्या आहेत, आणि वर विमाने घिरट्या घालताहेत." आमच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही सौभाग्यवतीस हाक मारून म्हणालो, "अण्णांनी पुन्हा सुरू केले!" आगगाडीला नाव लागली, ह्याहून सुरेख थाप त्यांनी आयुष्यात मारली नव्हती. तिने काही न बोलता दूरदर्शन-संच लावला. बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस उभी होती, आपत्ती-निवारण दलाच्या रबरी नावा तिच्या दारांस लागत होत्या आणि हजाराच्या वर उतारूंस बाहेर काढण्याचे काम चालले होते. अक्षर न् अक्षर खरे! सर्व माणसे सुखरूप निघाली ह्याचा आनंद झालाच. पण कबूल केले पाहिजे की, त्या आनंदाखाली आमची एक मोठी निराशा बुडून गेली.

त्यानंतर श्रावणात एके दिवशी आम्ही मनाशी ठरवून सकाळीच निघालो. बदलापुरास जाण्याआधी अण्णांच्या गोष्टींतील ठिकाणे एकदा पायांखाली घालावयाची आणि तेथून काही तरी घेऊन त्यांच्यापाशी जावयाचे, असा बेत होता. काय न्यावयाचे ते आमचे आम्हांस ठाऊक नव्हते.

प्रथम उल्हासनगर. ज्यांनी हे गाव पाहिले नाही त्यांस त्याची उत्पत्ती सांगितली पाहिजे, कारण तीही कोणास थापच वाटेल. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याणचा लष्करी तळ होता, म्हणजे माळावर बराकींच्या रांगाच रांगा. युद्ध संपले, सैन्य गेले, आणि बराकी रिकाम्या झाल्या न झाल्या तोच फाळणी झाली. सिंधमधून निघालेली, लाखाच्या घरातील माणसे ह्या सैनिकी छपरांखाली आणून ठेवण्यात आली. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे. मध्ये गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते येथे शहराची कोनशिला बसली, आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्या वस्तीस उल्हासाचे नाव, ही मौज कोणाच्या ध्यानी आली असेल की नसेल कोण जाणे. आजही लोक 'कॅम्प एक', 'कॅम्प पाच' असेच पत्ते सांगतात. पुढे ह्याच लोकांनी पापडापासून लोखंडी कपाटापर्यंत काय वाटेल ते बनवून विकले. येथल्या मालावर 'यू. एस. ए.' असे छापीत, आणि कोणी विचारल्यास त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगत, ही कथा सर्वतोमुखी आहे. खरी असो वा नसो, अण्णांस ती फार प्रिय होती.

बराकी शोधीत आम्ही तासभर हिंडलो. त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले आहेत. क्वचित एखादे जुने कौलारू छप्पर दोन इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभे असते. झूलेलालाच्या एका मंदिरात आम्ही विसावलो. पांढऱ्या दाढीचा हा देव माशावर बसलेला असतो. सिंधी लोक त्यास वरुणाचा अवतार मानतात. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्ही माशाविषयी विचारले. त्यांनी सांगितले की, तो पल्ला मासा. समुद्रातून निघून सिंधू नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत तो सक्करजवळच्या जिंदा पिराच्या दर्शनास जातो, जाताना काळा असतो आणि दर्शन घेऊन परतला की रुप्यासारखा चमकतो. आम्ही 'हो' म्हणालो. हा मासा अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात वर चढतो हे आम्ही वाचले होते. आणि १९५५ साली कोटरी येथे सिंधूवर मोठा बंधारा झाल्यापासून त्याची ती वाट बंद पडली हेही वाचले होते. पण ते सांगण्याचे आम्हांस तेव्हा प्रयोजन दिसले नाही.

तेथून अंबरनाथ. देऊळ स्टेशनाच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी आहे. काळ्या दगडाची ती वास्तू पावसात भिजल्यावर आणखीनच काळी होते, आणि भिंतीवरच्या मूर्तींच्या ओठांवरून, कोपरांवरून पाणी ठिबकत असते. सभामंडपास तीन बाजूंनी दारे. गाभारा मात्र पुष्कळ पायऱ्या उतरून खाली. वर पाहावे तो शिखर नाही, उघडे आकाश. खाली पिंडीपाशी उभे राहून आम्ही वर पाहिले, आणि पावसाचे दोन थेंब कपाळावर पडले. शिखर पुरे झाले नाही की पुरे होऊन पडले, ह्याचा खल विद्वान करोत. ह्या चौकोनी आकाशाकडे पाहणाऱ्या पोरास कोंबडा सुचला नसता तरच नवल.

दुपारी बदलापुरास पोहोचलो. बाजारात जांभळांचा हंगाम केव्हाच सरला होता. म्हणून अण्णांसाठी उल्हासनगरचे पापड तेवढे नेले. त्यांनी पापड हातात घेऊन वास घेतला आणि "कॅम्पात गेला होतास?" म्हणून विचारले. आम्ही सारे सांगितले. मग एवढ्या वर्षांत जे बोललो नव्हतो तेही बोललो, "अण्णा, त्या दिवशी मी पाहुण्यांदेखत शिलालेख काढायला नको होता."

अण्णा हसले. "शके ९८२. मला शाळेतच ठाऊक होते. आमच्या मास्तरांनी सांगितले होते की, भाऊ दाजींनी आधी तो आकडा ७८२ वाचला, आणि मागाहून भगवानलाल इंद्रजींनी ९८२ लावला. एवढा मोठा पंडित, पण दगडावरची दोनशे वर्षे चुकला. आपला कोंबडा बरा." थोडा वेळ थांबून त्यांनी पाणी मागितले, आणि मग आपण होऊन सांगू लागले.

१९५० साली ते इंग्रजी शाळेत होते. कॅम्पातील एक सिंधी मुलगा त्यांचा वर्गमित्र. त्याच्या वडिलांस सगळे साईं म्हणत. साईं संध्याकाळी बराकीच्या पायरीवर बसून सक्करच्या आपल्या वाड्याचे वर्णन करीत: बेचाळीस खोल्या, प्रत्येक दारास निराळ्या झाडाचे लाकूड, आणि तळघरात नदीचे पाणी येई त्यातून पल्ला मासा आत शिरून स्वयंपाकघरापर्यंत पोहत येई. ऐकणारे डोळे मिचकावीत. निर्वासित झालेला प्रत्येक जण तिकडे नवाबच होता, असे आमच्याकडची शहाणी माणसेही त्या काळी म्हणत. त्याच वर्षी मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदविण्याचा सरकारी कायदा झाला. साईंस इंग्रजी लिहिता येत नव्हते, मुलाचे अक्षर वाईट. म्हणून अर्ज भरावयास त्यांनी अण्णांस बोलाविले.

"मी टाक बुडवून बसलो," अण्णा म्हणाले. "खोल्या किती, असा रकाना होता. मी बेचाळीस लिहायला लागलो, तर साईंनी माझा हात धरला. म्हणाले, तीन लिही, बेटा. तीन खोल्या आणि एक ओसरी."

आम्ही विचारले, "मग तुम्ही काय केलेत?"

"तीन लिहिले. सरकारी कागद तो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मंडळी जमली. साईंनी मला पाहिले आणि बोलता बोलता थांबले. गोष्ट वाड्यापर्यंत आली होती. सगळे वाट पाहताहेत, आणि हा माणूस माझ्याकडे पाहतो आहे. मी चौदा वर्षांचा. मी म्हटले, साईं, आज बेचाळीस म्हणता, परवा तर त्रेचाळीस म्हणाला होता."

अण्णांचा श्वास लागला होता. आम्ही उशी वर सरकवली. मग ते म्हणाले, "साईंनी त्रेचाळिसावी खोली सांगायला घेतली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत पुरली. ते गेले तोपर्यंत मी कोणाजवळ हे बोललो नाही. नंतरही नाही. तुलाच सांगतो आहे."

हे खरे का, असे आम्ही विचारले नाही. तीन खोल्यांच्या त्या घरात संध्याकाळ झाली होती. आई देवापाशी दिवा लावीत होती. आम्ही एवढेच म्हणालो, "अण्णा, त्या त्रेचाळिसाव्या खोलीत काय होते?" त्यांनी डोळे मिटूनच हात हलविला, म्हणजे बस, सांगतो. पुढच्या शनिवारी त्यांनी ती सांगितली, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी काही सांगितले. मग आवाज खोल गेला आणि आमच्याकडे बोलण्याची पाळी आली. वाटेत काय पाहिले ते आम्ही सांगत असू. उल्हासनगरास गाडी थांबली तेव्हा फलाटावर एक घोडा उभा होता, पंचकल्याणी, सुरतेहून आलेला दिसत होता, असे एकदा आम्ही त्यांस सांगितले. त्यांनी ओठ हलविले. आई कान लावून म्हणाली, "तिकीट होते का विचारताहेत."

भाद्रपदात अण्णा गेले.

पुढे २०२० च्या महाशिवरात्रीस बहीण आपल्या सात वर्षांच्या नातवास घेऊन अंबरनाथास आली. जत्रेची गर्दी टळावी म्हणून आम्ही सकाळी लवकर गेलो. मुलाने मान वर करून वर पाहिले आणि शिखर कोठे गेले म्हणून विचारले. आम्ही पांडवांपासून आरंभ केला. पोर शाळेत जाणारे, हुशार, भीमापर्यंत येताच म्हणाले, "आजोबा, पण हे शिलाहार राजांनी बांधले आहे. आमच्या बाईंनी सांगितले."

"होय, शके ९८२," आम्ही म्हणालो. "बाईंना विचारले तर तसेच सांगावे. आता ऐक. पहाट व्हावयास आली होती, आणि आपल्या मूळपुरुषांनी कोंबड्यास सांगितले…"

बहीण पायरीवर बसून नारळ सोलीत होती. तिने मान वर केली नाही. आजीच्याच हेलात ती म्हणाली, "पण दादा, ब्राह्मणाच्या घरी कोंबडा कोठून आला?"

"शेजारच्या आगऱ्याचा," आम्ही म्हणालो.